ओवीतला ख्रिस्त

परकी सत्ता जित प्रजेची देवळे पाडू शकते. परंतु त्या प्रजेची श्रवणाची सवय मोडणे तिलाही सहजसाध्य नसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र या सत्याची साक्ष देते.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मोपदेशक ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरले. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची ४० वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात घालविली. ते आले तेव्हा तेथील देवळे उद्ध्वस्त झालेली होती, मंगेश व शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात गेली होती आणि इन्क्विझिशनचा अंमल १५६० पासून चालू होता. १५८३ साली कुंकळ्ळीच्या संतप्त ग्रामस्थांनी ५ येशूसंघीयांना ठार केले. त्यांची प्रेते मिळविण्याचे कठीण काम स्टीफन्स यांनी केले. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्यास बोलाविलेल्या गावपुढाऱ्यांना पोर्तुगीजांनी मारले.

अशा भूमीत १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात बायबलची कथा पुराणाच्या वळणाने येते. स्वर्गाला वैकुंठ म्हटले जाते. जुनी पुराणे निषिद्ध झालेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांनाही पुराणाची ओढ होतीच. ही गरज स्टीफन्स यांनी ओळखली. वऱ्हाडातील किन्हीराजासारख्या गावी पोथी ऐकलेल्या माणसालाही हे वळण परके वाटणार नाही.

हे औदार्य की धर्मप्रसाराचे धोरण? दोन्ही, असेच म्हणावे लागेल. मराठीवरील त्यांचे प्रेम निःसंशय खरे होते. परंतु ज्या सत्तेच्या आश्रयाने ते प्रेम फुलले, तिने श्रोत्यांना निवडीचे स्वातंत्र्य ठेवले नव्हते. आपण त्यांनी केलेली मराठीची स्तुती तेवढी शिकवितो आणि पाडलेली देवळे वगळतो. हा अर्धा इतिहास होय.

उरलेला अर्धा भागही बोधप्रद आहे. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली. स्टीफन्स यांनी जोपासलेला मार्ग त्यांच्याच धर्माच्या सत्तेला नकोसा झाला. त्यांच्या पुराणाची १६१६ ची छापील प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी जपलेली हस्तलिखिते मात्र टिकली आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला गेला. फर्मान काढणारी सत्ता गेली; ओवी मात्र राहिली. विद्यार्थ्यांना स्टीफन्स शिकवावेत ते या संपूर्ण संदर्भासह.