लाल झिलईचे कोडे सोडवणारे हर्मन सेगर



उन्हाळा आला की आपल्या गोडादरा भागात रस्त्याच्या कडेला माठ विकायला येतात. काही लाल असतात, काही काळे. माती एकच, मग रंग दोन कसे? भट्टीत हवा खेळती राहिली तर मातीतले लोखंड लाल होते. भट्टी लिंपून आत धूर कोंडला तर तोच माठ काळा निघतो.

तांब्याचे नेमके उलट आहे. चिनीमातीच्या भांड्यावर काचेसारखा चकचकीत थर असतो, त्याला झिलई म्हणतात. झिलईत थोडे तांबे घालून भरपूर हवेत भांडे भाजले तर ते हिरवे होते. हवा तोडली तर लाल होते. ही लाल झिलई चीनच्या कारागिरांना शेकडो वर्षांपूर्वी साधली होती. पण भट्टी जरा बिघडली की रंग राखाडी किंवा हिरवट होई आणि सारे श्रम वाया जात. युरोपच्या कुंभारांनाही या रंगाने फार काळ चकवले. हे कोडे वही, तराजू आणि चिकाटी यांच्या जोरावर सोडवणाऱ्या थोर पुरुषांपैकी हर्मन सेगर हे एक होत.

सेगर यांचा जन्म १८३९ मध्ये पोझेन या शहरात झाला. हे शहर तेव्हा प्रशिया राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. बर्लिनमध्ये त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. त्या काळी हुशार रसायनतज्ज्ञ रंग आणि औषधांच्या कारखान्यांकडे वळत. सेगर मात्र विटा, कौले आणि मातीची भांडी यांकडे वळले. भट्टीवरचा कारागीर अंदाजाने काम करतो, त्याचा माल बिघडतो आणि का बिघडला हे त्याला कळत नाही, हे त्यांनी पाहिले. १८७६ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत माती-उद्योगासाठी नियतकालिक सुरू केले. प्रयोगात जे सापडेल ते ते छापून सर्वांसमोर ठेवू लागले.

१८७८ मध्ये बर्लिनच्या राजेशाही चिनीमाती कारखान्यात प्रयोगशाळा निघाली आणि तिची धुरा सेगर यांच्याकडे आली. तेथे त्यांनी चिनी लाल झिलईचा अभ्यास केला. तांबे किती, कथील किती, आच कधी वाढवायची, हवा कधी तोडायची, हे सर्व त्यांनी पुनःपुन्हा तपासले. तांबे फार लागत नाही, शंभर भागांत अर्धा-एक भाग पुरतो. पण भट्टीतला धूर त्याचा प्राणवायू योग्य वेळी काढून घेईल तेव्हाच तांब्याचे अतिसूक्ष्म कण झिलईत विखुरतात आणि लाल रंग दिसतो. त्याच सुमारास फ्रान्समध्येही असे प्रयत्न यशस्वी झाले. सेगर यांचे विशेष असे की त्यांनी आपली रीत कुलूपबंद ठेवली नाही.

त्यांची दुसरी देणगी १८८६ ची. भट्टीची आच मोजायला त्यांनी फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चिनीमाती आणि संगमरवर यांच्या मिश्रणाचे लहान शंकू बनवले. ठरावीक आच लागली की ठरावीक शंकू मऊ होऊन वाकतो. हे साधन इतके सोपे की कमी शिकलेल्या कामगारालाही ते वापरता येते. आजही जगभर कुंभार भट्टीत असे शंकू ठेवतात. प्रकृती बिघडल्याने १८९० मध्ये सेगर यांनी काम सोडले आणि १८९३ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे लेखन १८९६ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतल्या कारागिरांसाठी त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडचे आहे. विल्यम हाउसन टेलर यांची लाल भांडी नावाजलेली होती. परंतु १९३५ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी झिलईच्या सर्व कृती नष्ट केल्या. भांडी उरली, विद्या गेली.

आज अनेक ठिकाणी विजेच्या भट्ट्या आहेत. त्यांत धूर नसतो, आणि मुद्दाम केला तर आतल्या तारा लवकर खराब होतात. मग लाल रंग कसा आणायचा? कुंभार झिलईतच सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड मिसळतात. घासायच्या काळ्या पॉलिश पेपरवर असते तीच ही पूड. ती तापली की झिलईच्या आतल्या आत तांब्याचा प्राणवायू ओढून घेते. भट्टीत हवा असूनही भांडे लाल होते. धूर नेमके काय करतो हे कळले होते, म्हणूनच धुराशिवाय तेच काम करून घेता आले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा आम्ही ऑक्सीकरण आणि अपचयन हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले होते. मराठीत अपचयनाला क्षपण म्हणतात. पण हे क्षपण तर आपल्या पालकांच्या रोजच्या हातातले काम आहे! मिलमध्ये रंगवलेल्या पॉलिस्टर कापडावरचा जादा रंग काढायला कॉस्टिकसोबत हायड्रो टाकतात, ते क्षपणच करते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील डोळ्यांनी रंगाची छटा ओळखतात, पण ती विद्या कोठेच लिहिलेली नसते. माणूस निवृत्त झाला की ती त्याच्यासोबत जाते.

म्हणून पालकांना आमची नम्र विनंती आहे. आपले काम मुलांना समजावून सांगा. मुलांनो, तुम्ही ते वहीत लिहा. काय टाकले, किती टाकले आणि काय बिघडले, हेसुद्धा लिहा. अशा वह्या शाळेत आणा, विज्ञानाच्या तासाला आपण त्या सर्वांसमोर वाचू.