बार्शी लाईट आखणाऱ्या इंजिनिअरने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, पण युद्ध संपेपर्यंत ते त्यांना मिळालंच नाही

लातूर, धाराशिव, बार्शी, पंढरपूर, मिरज. या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या माणसासमोर 'बार्शी लाईट'चं नाव काढा, तो तिच्या स्पीडवर एखादा तरी विनोद सांगणारच. गाडी हळू होती हे खरंच आहे. पण या छोट्या गाडीमागे रेल्वेच्या जगातलं एक मोठं डोकं होतं आणि त्या डोक्याचा मालक सोलापूर जिल्ह्यात येऊन गेला होता, हे फार कमी लोकांना माहिती असतं.

त्याचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

3 मार्च 1857 ला इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. घरात भावंडं बरीच. त्यातला गाय कॅलथ्रॉप हा धाकटा भाऊ पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या बड्या रेल्वे कंपनीचा जनरल मॅनेजर झाला. एव्हरार्डचा रस्ता मात्र वर्कशॉपमधून गेला. सुरुवात रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या इंजिन कारखान्यात, मग 1874 पासून क्रू इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी, पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वे. आणि 1882 मध्ये तो भारतात आला. नोकरी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजेच आपल्या जीआयपीमध्ये, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टरची.

तेव्हा जीआयपीची मुख्य लाईन मुंबईहून पुणे, सोलापूर करत रायचूरपर्यंत गेली होती. पण मधली कितीतरी बाजाराची गावं लाईनपासून लांबच राहिली होती. त्यातलंच एक बार्शी. कापसाच्या व्यापाराचं मोठं गाव, पण रेल्वे तिथून वीसेक मैलांवरून जायची. स्टेशनला नावही 'बार्शी रोड' असंच दिलेलं. बार्शीचा माल तिथपर्यंत बैलगाड्यांनी यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचं काय होतं, हे त्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

मग बार्शीपर्यंत रेल्वेचा फाटा का काढला नाही? कारण पैसा. ब्रॉडगेजचे जड रूळ, रुंद भराव, दणकट पूल असा सगळा खर्च वीस मैलांच्या फाट्यावर करून तो वसूल होणार नाही, असा हिशोब होता. छोट्या गेजची रेल्वे स्वस्तात होते हे तेव्हाही माहिती होतं. पण छोटी रेल्वे म्हणजे खेळण्यातली गाडी, तिच्यावर धंदा होत नाही, असाच बहुतेकांचा समज होता.

कॅलथ्रॉपचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते चूक छोट्या गेजची नव्हती, वजन कसं वाटलं जातं त्यात होती.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. रूळ किती जड टाकायचा हे पूर्ण गाडीच्या वजनावर ठरत नाही, एका आसावर म्हणजे एक्सलवर किती वजन येतं त्यावर ठरतं. समजा इंजिनच्या एका आसावर दहा टन वजन येतं आणि मागच्या डब्यांच्या आसावर फक्त तीन टन. तरीही सगळे रूळ, सगळे पूल दहा टनांच्या हिशोबाने बांधावे लागतात. म्हणजे एका इंजिनसाठी सगळ्या मार्गाचा खर्च वाढतो.

कॅलथ्रॉपने नियम केला की इंजिन असो, माल डबा असो की पॅसेंजर डबा, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त वजन येणार नाही. मग चार आसांचा मालडबा भरून 20 टनांपर्यंत नेता येतो. इंजिन जास्त ताकदीचं हवं असेल तर त्याला आस वाढवायचे. बार्शीसाठी लीड्सच्या किटसन कंपनीने जी इंजिनं बनवली त्यांना म्हणूनच आठ चालक चाकं आणि मागे आणखी चार चाकं होती. छोट्या गेजवर इतक्या चाकांचं इंजिन बघून तेव्हाच्या लोकांना ते विचित्रच वाटलं असणार. पण हिशोब चोख होता. हलके रूळ, हलके पूल आणि तरीही भरपूर माल. डब्यांचे सांगाडे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे, एकाच मापाचे, म्हणजे दुरुस्तीला सोपे.

गेज ठरलं 2 फूट 6 इंच. आपल्या ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी.

कागदावर हे सगळं 1880 च्या दशकातच मांडून झालं होतं. जीआयपीची नोकरी करत असतानाच त्याने बार्शीचा सर्व्हे केला. पण सरकारी मंजुरीला वर्षांमागून वर्षं गेली. मधल्या काळात त्याने जीआयपी सोडली, तो इंग्लंडला परत गेला, सल्लागार इंजिनिअर म्हणून काम करू लागला. बार्शीचा विषय मात्र त्याने सोडला नाही. शेवटी 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली. त्याआधी त्याने एक हुशारी केली होती. भारतात पाठवायचे डबे आणि इंजिन लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरती लाईन टाकून रेल्वेच्या जाणकारांना चालवून दाखवले.

पुढे ही लाईन वाढत गेली. एका बाजूला तेव्हाच्या निजामाच्या राज्यात असलेलं लातूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूर, आणि शेवटी मिरज. एकूण जवळपास 325 किलोमीटर. लातूरची बाजारपेठ वाढण्यात या गाडीचा वाटा मोठा आहे. आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांनी गाडी कशी भरून जायची, हे तर त्या भागात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. बार्शी रोडचं पुढे कुर्डुवाडी झालं आणि छोट्या गेजचं वर्कशॉपही तिथेच उभं राहिलं.

एक अडचण मात्र कायम राहिली. छोट्या गाडीतून आलेला माल मोठ्या गाडीत चढवायचा तर कुर्डुवाडीत हमालांच्या पाठीवरूनच. छोट्या गेजच्या विरोधकांचा हाच सगळ्यात मोठा मुद्दा होता.

त्याचं उत्तर कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये दिलं. स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची साडेआठ मैलांपेक्षाही थोडी छोटी लाईन होती. तिचा इंजिनिअर कॅलथ्रॉप. 27 जून 1904 ला ती सुरू झाली, गेज तेच 2 फूट 6 इंच. इथे त्याने 'ट्रान्सपोर्टर' नावाचे बुटके डबे वापरले. मोठ्या गेजचा मालडबा मालासकट या डब्यावर चढवायचा, चाकं अडकवायची आणि छोट्या रुळांवरून घेऊन जायचं. माल उतरवायची भानगडच नाही.

गंमत म्हणजे इंग्लंडमधली ही गाडी दिसायला पूर्ण भारतीय होती. बार्शीच्या अनुभवातूनच ती तयार झाली होती. इंजिनवर मोठाले हेडलॅम्प, पिवळे लांब डबे, डब्यांच्या टोकाला बाल्कनी. हिरव्यागार इंग्लिश दरीतून सोलापूर जिल्ह्यातली गाडी चालल्यासारखं ते दृश्य. दोन इंजिनं होती, त्यातल्या एकाचं नाव 'ई. आर. कॅलथ्रॉप'. धंदा मुख्यतः दुधाचा. मोटार लॉऱ्या आल्या, दूध रस्त्याने जाऊ लागलं आणि 12 मार्च 1934 ला लाईन बंद पडली. दोन्ही इंजिनं भंगारात गेली.

पण ही लाईन एका जागी जिवंत राहिली, मॉडेल रेल्वेवाल्यांच्या टेबलावर. ब्रिटनमध्ये घरात छोट्या रेल्वे बनवणाऱ्यांची मोठी जमात आहे आणि त्यांच्यात मॅनिफोल्ड फार लाडकी. कारण सोपं आहे. फक्त दोन इंजिनं आणि चार पॅसेंजर डबे. एखाद्या रेल्वेचा प्रत्येक डबा बनवून पूर्ण केला असं म्हणायची संधी दुसरीकडे सहसा मिळत नाही. वर ते ट्रान्सपोर्टर डबे, म्हणजे एकाच मॉडेलमध्ये छोट्या गाडीच्या पाठीवर मोठी गाडी.

यातही हिशोब आहेच. तिकडे चालणाऱ्या एका मापात 1 फुटाला 4 मिलिमीटर धरतात. त्या मापात 2 फूट 6 इंचांचं गेज बरोबर 10 मिलिमीटर यायला हवं. पण बाजारात तयार मिळतात ते 9 मिलिमीटरचे रूळ. म्हणून बहुतेक लोक तो एक मिलिमीटर सोडून देतात आणि काही कट्टर मंडळी सोडत नाहीत. याच मापात मॅनिफोल्डची पूर्ण लाईन बनवायची तर सुमारे 174 मीटर जागा लागेल, त्यामुळे एखाददुसऱ्या स्टेशनवर समाधान मानावं लागतं. बार्शी लाईट पूर्ण बनवायला घेतली तर सव्वाचार किलोमीटर लागतील. तेवढा हॉल असलेलं घर अजून तरी कुणाचं नसावं.

आता कॅलथ्रॉपच्या आयुष्यातला दुसरा भाग, जो रुळांवरचा नाहीच.

चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. रोल्स-रॉइसमधला रोल्स तो हाच. 12 जुलै 1910 ला बोर्नमथ इथे विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला. इंजिनच्या विमानाच्या अपघातात मरण पावलेला तो पहिला ब्रिटिश. कॅलथ्रॉप तेव्हा 53 वर्षांचा होता. वैमानिकाला जिवंत खाली आणेल असं काहीतरी हवं, हा विचार त्याने डोक्यात घेतला आणि रेल्वेचा माणूस पॅराशूटच्या मागे लागला. 1913 मध्ये त्याने पेटंट घेतलं. पॅराशूटचं नाव ठेवलं 'गार्डियन एंजल', म्हणजे रक्षण करणारा देवदूत.

ते वैमानिकाच्या पाठीवर नसायचं. विमानाला अडकवलेल्या डब्यात घडी घालून ठेवलेलं असायचं. वैमानिकाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ते ओढलं जाऊन उघडायचं. म्हणजे दोरी खेचायची आठवण ठेवायची गरज नाही.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर 1915 मध्ये त्याने ते ब्रिटिश हवाई दलाला देऊ केलं. चाचण्याही चांगल्या झाल्या. तरीही लढाऊ विमानांच्या वैमानिकांना पॅराशूट मिळालं नाही. आकाशात बांधून ठेवलेल्या फुग्यांमधून टेहळणी करणाऱ्यांकडे पॅराशूट होतं, विमानातल्या माणसाकडे नाही. लाकूड आणि कापडाची ती विमानं पेट घ्यायची आणि वैमानिकापुढे दोनच पर्याय उरायचे, जळायचं किंवा तशीच उडी मारायची.

असं का केलं? एक कारण नेहमी सांगितलं जातं की पॅराशूट दिलं तर वैमानिक लढायचं सोडून विमान टाकून देतील, अशी वरिष्ठांना भीती होती. पण तेवढंच म्हणणं अर्धवट ठरेल. तेव्हाची विमानं ताकदीने कमी होती आणि डब्यासकट पॅराशूटचं वजन वाढलं की विमानाची चढाई आणि वेग दोन्ही कमी व्हायचे. आयुष्यभर आसावरचं वजन मोजणाऱ्या माणसाचा शोध वजनाच्याच मुद्द्यावर अडला. तरी अधिकाऱ्यांचा बचाव पुरता पटत नाही. कारण 1918 मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट घेऊन उडत होते आणि जीव वाचवत होते. वजन त्यांच्याही विमानांना होतंच.

कॅलथ्रॉप बाजूच्या लोकांनी जमेल ते केलं. 1917 मध्ये मेजर ऑर्ड-लीझ यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून गार्डियन एंजल बांधून थेम्स नदीत उडी मारली. हे ऑर्ड-लीझ म्हणजे शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेतून वाचून परत आलेले गृहस्थ, त्यांना पुलाची काय भीती. एवढ्या कमी उंचीवरूनही पॅराशूट उघडलं. सैन्याने ते वापरलंही, पण शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला. 1918 मध्ये इटलीच्या आघाडीवर ते असंच वापरलं गेलं. वैमानिकांसाठी ऑर्डर निघाली तेव्हा युद्ध संपत आलं होतं.

युद्धानंतर त्याने 1920 मध्ये एक पुस्तक लिहिलं, ते पॅराशूटवर नाही आणि रेल्वेवरही नाही. घोड्यांवर. तो अरबी घोडे पाळायचा आणि घोड्याला मारझोड न करता मित्रासारखं शिकवावं, असं त्याचं मत होतं.

1920 च्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश हवाई दलाने वैमानिकांना सरसकट पॅराशूट द्यायचं ठरवलं. निवडलं ते पाठीवर बांधायचं अमेरिकन अर्विन पॅराशूट. कॅलथ्रॉप तेव्हा हयात होता. 30 मार्च 1927 ला त्याचं निधन झालं. बार्शी लाईट मिरजेपर्यंत पोचली, तेही याच वर्षी.

1954 मध्ये बार्शी लाईट सरकारने विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. तिकडे मॅनिफोल्डच्या रुळांच्या जागी 1937 मध्येच पायवाट झाली, लोक तिथे फिरायला आणि सायकल चालवायला जातात. कुर्डुवाडीचं वर्कशॉप मात्र छोटी गाडी गेल्यावरही मध्य रेल्वेकडे चालू राहिलं.