भिंतीवर इतिहास कोरणारे राजे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गेल्यावर सगळे जण मान वर करून शिखर बघतात. मराठी माणसाने मात्र प्राकाराची भिंतही बघावी. तिथे १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, आणि तो मराठीत आहे! हा प्रचंड शिलालेख कोरवून घेतला सरफोजी महाराज दुसरे यांनी.

त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते वारले. दत्तक अमान्य ठरवून अमरसिंग गादीवर बसले. मुलाचा सांभाळ मिशनरी श्वार्ट्झ यांनी केला. १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवले आणि पुढचे शिक्षण तिथे झाले. घरापासून लांब राहून शिकणे म्हणजे काय, हे आम्हा वसतिगृहातल्या मुलांना कुणी सांगायला नको.

१७९८ मध्ये गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी करार करून कंपनीने राज्य घेतले. महाराजांकडे किल्ला, भोवतालचा थोडा भाग, वर्षाला एक लाख पागोडे आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. ते लढले का नाहीत, असा प्रश्न मलाही पडला होता. पण त्याच वर्षी मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला होता. मग तंजावर किती दिवस टिकले असते?

त्यांनी तो पैसा ग्रंथांवर खर्च केला. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी युरोपातून हजारो पुस्तके मागवली. त्यांतल्या कित्येक पुस्तकांवर त्यांची सही आहे. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी चित्रांसह ठेवून घेतल्या. रोजच्या कारभाराचे मोडी कागदही जपले गेले.

महाराज १८३२ मध्ये वारले. १८५५ मध्ये वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने उरलेली गादीही खालसा केली. कागद आणि दगड मात्र राहिले. त्याच मंदिरातले चोळांचे तमिळ लेख हुल्श या जर्मन विद्वानाने १८९१ पासून छापायला घेतले. १९८१ मध्ये तंजावरला तमिळ विद्यापीठ निघाले. तिथे पुरालेख आणि पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग आहे. मराठा काळातल्या मोडी कागदांचे तमिळ अनुवादही विद्यापीठाने छापले. म्हणजे तमिळ विद्यार्थी आमच्या मोडीवर अभ्यास करू शकतात. आमच्या तुकडीत मोडी वाचता येणारा एकही कॅडेट नाही. मी या सुट्टीत बाराखडीपासून सुरुवात केली आहे.