अमोनियाचा हेबर, क्लोरीनचा हेबर

बारावीला हेबर प्रोसेस आपण सगळ्यांनीच घोकली आहे. नायट्रोजन, हायड्रोजन, लोखंडाचा कॅटॅलिस्ट, जास्त प्रेशर... मार्क पक्के! पण हा हेबर होता कोण? युद्धाचे नियम देश का पाळतात, हे कोडं मला त्याच्या आयुष्यामुळे थोडंफार उलगडलं, म्हणून हा लेख.

फ्रिट्झ हेबर १८६८ साली ब्रेस्लाऊमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. १९०९ मध्ये त्याने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभा केला. आज जगातलं कितीतरी धान्य या खतावर पिकतं.

मग पहिलं महायुद्ध पेटलं. गुदमरवणारा वायू पसरवणारे गोळे वापरायचे नाहीत, असं १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात ठरलं होतं. जर्मनीनेही ते मान्य केलं होतं. पण पळवाट निघालीच. गोळे नकोत ना? मग सिलिंडर उघडा! २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ हेबरच्या देखरेखीखाली दीडशे टनांच्या आसपास क्लोरीन वाऱ्यावर सोडला गेला. दहा दिवसांनी त्याच्या बायकोने, क्लाराने, त्याच्याच पिस्तुलाने आत्महत्या केली. तीही केमिस्ट्रीतली डॉक्टरेट होती. हेबर पुन्हा आघाडीवर गेला. सप्टेंबरमध्ये लूसला इंग्रजांनीही क्लोरीन सोडला. फिट्टंफाट!

युद्ध संपल्यावर हेबरला अमोनियासाठी १९१८ चं नोबेल मिळालं. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने विषारी वायू वापरण्यावर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धात युरोपात दोन्हीकडे साठे होते, तरी रणांगणावर गॅसयुद्ध झालं नाही. सगळे अचानक सज्जन झाले? मला नाही वाटत. समोरचाही सोडेल, ही भीती होती. कारण इटलीने १९३५-३६ मध्ये इथिओपियात आणि जपानने चीनमध्ये वायू वापरलाच. तिथे उलट उत्तर देणारं कोणी नव्हतं.

१९३३ मध्ये ज्यू सहकाऱ्यांना काढायचा हुकूम आला, तेव्हा हेबरने राजीनामा दिला. १९३४ मध्ये तो बाझेलला वारला. त्याच्या संस्थेतल्या कीटकनाशकांच्या कामातून पुढे झायक्लॉन बी निघालं. नाझींनी छळछावण्यांत त्यानेच माणसं मारली. त्यात हेबरचे नातेवाईकही होते.

म्हणजे नुसती भीती फक्त बलवानांनाच वाचवते. म्हणूनच १९९३ चा रासायनिक शस्त्रबंदी करार मला मोठा वाटतो. १९९७ पासून तो लागू आहे. त्यात साठे जाहीर करून नष्ट करायचे असतात आणि कारखान्यांची तपासणी होते. भारताने आपले साठे २००९ पर्यंत नष्ट केले.

केमिकलवाल्यांनो, उद्या तुमच्या प्लांटवर तपासनीस येऊन रजिस्टर मागतील, तेव्हा ती कटकट समजू नका. ज्यांच्याकडे उलट उत्तर द्यायला काहीच नाही, त्यांचा भरवसा त्या रजिस्टरवरच आहे.