श्रोत्यांचा दिवस आखणारा करडा स्कॉट

लंडनच्या 'बीबीसी रेडिओ ४' या केंद्राचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो. सकाळी सहाला बातम्या आणि मंत्र्यांची उलटतपासणी, दहाला स्त्रियांच्या प्रश्नांवर चर्चा, दुपारी एकला पुन्हा बातम्या, मग नभोनाट्य. सायंकाळी सातच्या सुमारास १९५१ पासून चालत आलेली एका शेतकरी कुटुंबाची मालिका, रात्री पुस्तकवाचन, संसदेचा वृत्तांत आणि मध्यरात्र उलटल्यावर खलाशांसाठी समुद्रावरील हवामानाचा अंदाज. एकाच केंद्रावर, एकाच श्रोत्यासाठी एवढे वैविध्य! केंद्राला हे नाव १९६७ मध्ये मिळाले. पण त्यामागचा विचार त्याहून बराच जुना आहे. तो रुजविला जॉन रीथ यांनी.

रीथ यांचा जन्म २० जुलै १८८९ रोजी स्कॉटलंडमधील स्टोनहेवन येथे झाला. वडील धर्मोपदेशक. घरातील कडक शिस्त आणि रविवारच्या पावित्र्यावरील श्रद्धा त्यांच्यात आयुष्यभर मुरून राहिली. शिक्षण अभियांत्रिकीचे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर शत्रूच्या नेमबाजाची गोळी गालात घुसली. तो व्रण आणि साडेसहा फुटांची उंची यामुळे समोरचा माणूस आधीच दबून जाई.

१९२२ मध्ये नव्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीची जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला. प्रक्षेपण म्हणजे काय, याची त्यांना तेव्हा धड कल्पनाही नव्हती. तरीही डिसेंबरमध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते महाव्यवस्थापक झाले. हाताशी कर्मचारी होते मोजून चार. रेडिओसंच विकणाऱ्या उद्योजकांनी मालाला उठाव यावा म्हणून ही कंपनी काढली होती. रीथ यांनी मात्र तिच्यात राष्ट्राची शाळा, व्यासपीठ आणि रंगमंदिर पाहिले.

माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही त्यांची त्रिसूत्री. लोकांना जे आवडते तेवढेच देत राहिले, तर त्यांची आवड आहे तिथेच खुंटते, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून नृत्यसंगीताला लागूनच शास्त्रावरचे व्याख्यान आणि बातम्यांच्या पाठोपाठ नाटक अशी आखणी झाली. गाणे ऐकायला बसलेल्या गिरणी कामगाराच्या कानी सहजच एखाद्या विद्वानाचे विचार पडावेत, हा त्यामागचा हेतू होता. ग्रीनिचचे वेळदर्शक ठोके ५ फेब्रुवारी १९२४ पासून ऐकू येऊ लागले आणि देशाच्या घड्याळाशी रेडिओ जोडला गेला.

कसोटीचा क्षण मे १९२६ मध्ये आला. देशव्यापी संपामुळे वृत्तपत्रे जवळजवळ बंद पडली आणि बातमीसाठी लोक रेडिओकडे वळले. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांना बीबीसी सरकारच्या ताब्यात हवी होती. रीथ यांनी ते होऊ दिले नाही. मात्र त्याची किंमतही मोजली. मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांना त्या दिवसांत ध्वनिक्षेपकासमोर येऊ दिले नाही, कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहनही रोखून धरले. संस्था वाचली, निःपक्षपातीपणा मात्र अर्धामुर्धाच राहिला. स्वायत्तता आणि सरकारची मर्जी यांतील ही ओढाताण आजही संपलेली नाही.

१ जानेवारी १९२७ रोजी राजसनदेने कंपनीचे महामंडळ झाले. खर्च श्रोत्यांच्या परवाना शुल्कातून, जाहिरातींना मज्जाव. पहिले महासंचालक झालेल्या रीथ यांना त्याच वर्षी 'सर' हा किताब मिळाला. त्यांचा कारभार एकछत्री होता. घटस्फोटाच्या प्रकरणात गुंतलेले मुख्य अभियंता पीटर एकर्स्ले यांना १९२९ मध्ये पद सोडावे लागले. रविवारी तर धर्मचिंतन आणि गंभीर संगीत यांपलीकडे फारसे काही नसे. कंटाळलेले श्रोते सुटीच्या दिवशी लक्झेंबर्ग आणि नॉर्मंडीच्या व्यापारी केंद्रांकडे वळले. श्रोत्याला घडविता येते, बांधून ठेवता येत नाही, हा धडा रीथ यांनी कधीच मनावर घेतला नाही.

भारताशीही त्यांचा धागा जुळतो. बीबीसीतील लायनेल फील्डन १९३५ मध्ये दिल्लीला आले आणि पुढच्याच वर्षी येथील सरकारी नभोवाणी 'ऑल इंडिया रेडिओ' झाली. वनिता मंडळ, कामगार सभा, श्रुतिका आणि प्रादेशिक बातम्या यांवर वाढलेल्या मराठी श्रोत्यांच्या दिवसातही त्याच मिश्र आखणीची छाया होती. आले नाही ते सरकारपासूनचे अंतर. त्यासाठी प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये व्हावा लागला आणि तो अमलात यायला १९९७ साल उजाडले. भारताचे व्हाइसरॉय होण्याची आकांक्षा रीथ यांनी मनाशी बाळगली होती; ती सफल झाली नाही.

१९३८ मध्ये, परवान्यांची संख्या ८० लाखांवर गेली असताना, त्यांनी बीबीसी सोडली. पुढे इम्पीरियल एअरवेज, मग युद्धकाळात मंत्रिपदे. पण चर्चिल यांच्याशी सूर जुळला नाही आणि १९४२ मध्ये त्यांना वगळण्यात आले. आपल्या कुवतीला साजेसे काम पुन्हा मिळालेच नाही, ही सल त्यांनी अखेरपर्यंत जपली. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोजनिश्यांतून त्यांचा कडवटपणा आणि हुकूमशहांविषयीचे कौतुकही उघड झाले. १६ जून १९७१ रोजी एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले.

ज्या पदावर ते १६ वर्षे होते, त्याहून मोठे काही मिळावे म्हणून रीथ उरलेली ३३ वर्षे झुरले. पण व्हाइसरॉयांची नावे आता इतिहासाच्या पुस्तकांत उरली आहेत. आणि रेडिओ ४ वर बातम्यांनंतर नाटक आणि पुस्तकानंतर समुद्राचे हवामान आजही लागते.