परळचे वकीलसाहेब

नाशिककरांना बाबासाहेब म्हटले की २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवतो. पण आम्ही पडलो गिरणीवाले, आम्हाला परळचे बॅरिस्टर बाबासाहेब जास्त जवळचे.

१९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. सनदेला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले, तेव्हा कुठे १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. पण अस्पृश्याला मोठी केस देणार कोण? घर चालवायला बाटलीबॉयच्या संस्थेत शिकवावे लागले. तरी परळला दामोदर हॉलच्या ऑफिसात, कामगारवस्तीतच, ते गोरगरिबांची कामे फी न घेता करीत. पोट भरलेल्याने फुकट काम करणे निराळे आणि हे निराळे!

चवदार तळ्याचा दावा तर डिसेंबर १९२७ मध्ये त्यांच्यावरच लागला. महाड, ठाणे, मग हायकोर्ट. आपल्या बाजूने शेवटचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला. इथे एका तारखेला जायचे तर आमचा खाडा पडतो.

आजही आपल्यातले काहीजण वकिलासाठी व्याजाने पैसे काढतात, म्हणून सांगतो. १९८७ चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. स्त्रिया, कारखान्यातले कामगार, अनुसूचित जाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही अनुसूचित जातींत आले. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. जातीचा दाखला सोबत न्यावा.