विश्लेषण : सह्याद्रीच्या दऱ्यांवर रेल्वेपूल उभारणारे जेम्स बर्कली कोण होते? बंजारा तांड्यांशी त्यांचा काय संबंध?

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथल्या नंगारा वास्तुसंग्रहालयाचे लोकार्पण झाले आणि तांड्यांचा जुना व्यापार पुन्हा चर्चेत आला. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, कापूस लादून बंजारे मुलूखभर फिरत. या व्यापाराला ते लदेणी म्हणत. एकोणिसाव्या शतकात ही लदेणी मोडली. त्याचे एक मोठे कारण म्हणजे रेल्वे आणि ही रेल्वे सह्याद्रीवर चढवण्याचे श्रेय जाते जेम्स जॉन बर्कली या इंजिनीअरला.

बर्कली कोण होते?

बर्कली यांचा जन्म १८१९ चा, लंडनचा. रेल्वे बांधणीचे काम ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली शिकले. स्टीफन्सन यांच्याच शिफारशीने त्यांना ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या (जीआयपी) मुख्य अभियंत्याचे पद मिळाले. १८५० च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले तेव्हा वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली, ती त्यांच्याच देखरेखीखाली बांधलेल्या मार्गावर. पण कंपनीला ठाण्यापर्यंत नव्हे, वऱ्हाडच्या कापसापर्यंत पोहोचायचे होते आणि मध्ये सह्याद्री उभा होता.

अडचण नेमकी काय होती?

बैल उभा चढ चढतो, रेल्वे चढत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून चढ अगदी मंद ठेवावा लागतो. सुरुवातीला माळशेज घाटाचा विचार होता. बर्कलींनी डोंगर पुन्हा मोजून काढला आणि दोन वाटा निवडल्या : पुण्याकडे बोरघाट, नाशिक-वऱ्हाडकडे थळघाट.

दोन्ही ठिकाणी त्यांनी सर्वाधिक चढ ३७ फुटांना १ फूट असा ठरवला. मैदानातल्या मार्गापेक्षा हा कितीतरी कडक होता. एवढा चढ ठेवूनही जागा पुरेना, म्हणून दोन्ही घाटांत रिव्हर्सिंग स्टेशन केले. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची.

दोन घाटांचा हिशेब असा :

• बोरघाट : सुमारे २५ किमी मार्ग, १,८३१ फूट चढाई, २५ बोगदे, ८ मोठे दरीपूल
• थळघाट : सुमारे १५ किमी मार्ग, ९७२ फूट चढाई, १३ बोगदे, ६ मोठे दरीपूल

पूल कसे उभे राहिले?

आजचे पोलाद आणि काँक्रीट तेव्हा हाताशी नव्हते. होते ते दगड, चुना आणि विलायतेहून जहाजाने येणारे घडीव लोखंड. बहुतेक दऱ्यांवर दगडी कमानी बांधल्या गेल्या. पण कमान पूर्ण होईपर्यंत तिला खालून लाकडी आधार द्यावा लागतो. दरी फार खोल असेल तर तो आधारच एक मोठे बांधकाम होऊन बसतो. थळघाटातील एहेगाव इथे दरी सुमारे १८२ फूट खोल होती. तिथे उंच दगडी खांब उभारून मधल्या गाळ्यांवर त्रिकोणी जाळीचे लोखंडी गर्डर टाकले गेले. त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही. त्यामुळे कमी लोखंडात लांब गाळा पेलता येतो.

किंमत कोणी मोजली?

बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. कड्यांवर सुरुंगाची भोके पाडायला मजुरांना दोराने खाली सोडत. १८६१ च्या सुरुवातीला एकट्या बोरघाटात ४० हजारांहून अधिक मजूर होते. कॉलऱ्याच्या साथीने छावण्या ओस पाडल्या. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये दंगल झाली आणि ठेकेदार फॅविएल यांचे काम काढून घेतले गेले. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांचा ठेका पत्नी ॲलिस यांनी पुढे चालवला आणि पूर्ण केला.

बर्कलींची प्रकृतीही ढासळली. १८६१ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोरघाट खुला झाला एप्रिल १८६३ मध्ये, थळघाट १ जानेवारी १८६५ रोजी. दोन्हींवरून धावणारी गाडी त्यांनी पाहिली नाही.

सगळे पूल टिकले का?

नाही. बोरघाटातील ‘माहू की मळी’ हा दगडी दरीपूल जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात कोसळला. कच्चे दगडकाम नडले. आराखडा कितीही चोख असला तरी चुना आणि दगड घाईने रचला की सह्याद्रीचा पाऊस हिशेब चुकता करतो, हा धडा रेल्वेला तेव्हा मिळाला.

तांड्यांचे काय झाले?

१८६७ मध्येच रेल्वे अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. तो आता थेट मुंबई बंदरात जाऊ लागला. लदेणीचे गिऱ्हाईक गेले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास देशाच्या काही भागांत बंजाऱ्यांभोवतीही पडला. फिरते तांडे हळूहळू शेती, मजुरी आणि ऊसतोडीकडे वळले.

आज त्याच बोरघाटात द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकसाठी टायगर व्हॅलीवर पोलाद-काँक्रीटचा केबल-स्टेड पूल उभारण्याचे काम हाती घेतले गेले. साहित्य बदलले, दरी तीच आहे. पोहरादेवीच्या यात्रेसाठी मुंबईहून अकोल्याकडे निघालेला भाविक आजही कसारा-इगतपुरीचा घाट रेल्वेनेच चढतो. ज्या वाटेने त्याच्या पूर्वजांचा धंदा नेला, तीच वाट त्याला सेवालाल महाराजांच्या समाधीकडे नेते.